'पीपली लाइव्ह' : आमच्या ओसरीत हसू कुठं आलं आणि कुठं आलं नाही

काळीमाती (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

'पीपली लाइव्ह' १३ ऑगस्ट २०१० ला लागला तेव्हा आमच्याकडं पऱ्हाटी पात्यावर होती आणि पानठेल्यावर एकच विषय होता, आमिर खाननं कास्तकारावर पिक्चर काढला. आमच्या तालुक्याला तो आलाच नाही. घरी पाहायची डिस्क निघाली तेव्हा पाहिला, पुढं टीव्हीवर पाहिला, आणि परवा ओसरीत टीव्ही काढून घरच्या-शेजारच्या माणसांसोबत पुन्हा सगळा पाहिला. दर वेळी तेच होतं. चॅनेलच्या गाड्या गावात शिरल्या की लोक खळखळून हसतात, आणि सिनेमातला कास्तकार नत्था एकटा पडद्यावर आला की चुळबुळ सुरू होते. कुणी तंबाखू मळतो, कुणी पाणी प्यायला उठतो. ब्लॅक कॉमेडीत, म्हणजे मरणासारख्या गोष्टीवरच्या काळ्या विनोदात, जिथं हसू घशात अडकायला पाहिजे, नेमकं तिथं आमचं माणूस सिनेमातून बाहेर पडतं. मला हे इतक्या वर्षांनीही खटकतं, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नत्था आणि बुधिया हे भाऊ. बँकेचं कर्ज थकलंय, जमीन लिलावात जाणार. गावच्या पुढाऱ्याकडं मदत मागायला जातात तर तिथं कळतं की आत्महत्या केलेल्याच्या घरच्यांना सरकार पैसे देतं. थोरला बुधिया गोड बोलून धाकट्याला तयार करतो. एका स्थानिक पत्रकाराच्या कानावर जातं, पोटनिवडणूक तोंडावर असते, दिल्लीचे कॅमेरे येतात आणि नत्थाच्या दारात जत्रा भरते. दिग्दर्शन अनुषा रिझवी यांचं, सहदिग्दर्शक महमूद फारुकी. ओंकारदास माणिकपुरी नत्था, रघुवीर यादव बुधिया. गाव 'मुख्य प्रदेश' नावाच्या काल्पनिक राज्यातलं, चित्रीकरण मध्य प्रदेशात रायसेन जिल्ह्यातल्या बडवईला.

म्हणजे कागदोपत्री तो आमच्यावरचा सिनेमा नाही. पण तेव्हा शेतकरी आत्महत्या म्हटलं की देशभर नाव विदर्भाचंच निघायचं. इथल्या एका संघटनेनं तर बंदीची मागणी केली होती, मदतीच्या पैशासाठी शेतकरी मरतो असं दाखवलंय म्हणून. बंदीच्या मी तेव्हाही विरोधात होतो, आजही आहे. लोकांनी सिनेमा पाहावा आणि मग त्याच्याशी भांडावं.

माझं भांडण हे की त्यात शेती नाही. कॅमेरा वावरात थांबतच नाही. बियाणं किती रुपयांचं घेतलं, डवरणीला बैल कुणाचे आणले, पाऊस कोणत्या नक्षत्रात दगा देऊन गेला, यातलं काही नाही. कर्ज आहे, पण कर्ज कसं झालं ते नाही. त्यामुळं नत्था आमच्या लोकांना कास्तकार वाटतच नाही. कुणीतरी एक गरीब, बावळा माणूस वाटतो. आणि बावळ्या माणसावर हसायला आमच्या ओसरीतल्या लोकांना आवडत नाही.

दुसरं. सिनेमात सरकारी लोक नत्थाला 'लाल बहादूर' म्हणून हातपंप आणून देतात. हा प्रसंग मला मनापासून आवडतो, कारण आमच्याकडं हेच घडलंय, आणि जास्त भयंकर घडलंय. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळातल्या पॅकेजांत संकरित गाई वाटायची योजना होती, निम्म्या किमतीत. कोरडवाहू कास्तकाराच्या दाराशी जर्सी आणून बांधली. तिला ढेप पाहिजे, हिरवा चारा पाहिजे, उन्हाळ्यात सावली आणि भरपूर पाणी पाहिजे. घरातलं एक माणूस तिच्या मागं अडकलं की त्याची मजुरी बुडाली. दूध घालायला जवळपास डेअरी नाही. काहींनी ती शेजाऱ्याला तशीच देऊन टाकली. दारात उभी असलेली ती गाय, तिच्याकडं पाहणारी म्हातारी आणि वर्षाचा हिशेब, एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता. इथं पंपाचा विनोद चटकन उरकून कॅमेरा पुन्हा चॅनेलवाल्यांकडं पळतो.

आणि होरी महतो. तो या सिनेमाचा जीव आहे. पडीत जमिनीत खड्डा खणून माती विकणारा म्हातारा, एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो, तेव्हा सगळे कॅमेरे नत्थाच्या दारात. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधला होरी ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर काटा येतो. पण किती थोडा वेळ दिलाय त्याला!

आता डिस्कबद्दल, कारण खरी आशा मला तिथं होती. थिएटरात वेळेचं बंधन असतं, घरी पाहायच्या प्रतीला ते नसतं. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. दोन तासांच्या आतला सिनेमा घालून जागा उरते. बडवईच्या लोकांशी बोलणं, शेतीच्या जाणकारांची चर्चा, होरीचे सीन कसे लिहिले ते, काहीही घालता आलं असतं. निदान भारतीय भाषांतली उपशीर्षकं तरी. माझ्या प्रतीवर उपशीर्षकं इंग्रजी आहेत. ज्यांच्यावर हा सिनेमा आहे त्यांच्यातल्या कुणाला त्यांचा उपयोग? माझ्या आईला ती गावठी हिंदी अर्धीच कळते. नत्थाची खाटेवरची म्हातारी अम्मा शिव्या घालते तेव्हा आई हसते, त्याला भाषा लागत नाही. पण दोघा भावांतलं ते बोलणं, जिथं मरायचं कुणी हे ठरतं, ते तिला शेजारणीनं समजावून सांगेपर्यंत कळलंच नव्हतं. सगळा सिनेमा त्या एका बोलण्यावर उभा आहे.

तुम्हाला काय वाटलं ते लिहा.

सेलूचा मास्तर (जि. वर्धा)

काळीमाती, लिहिलंय पोटतिडकीनं, पण मला अर्धंच पटलं.

सिनेमाचा नेम माध्यमांवर आहे, हे तुम्ही उणं म्हणून सांगताय. माझ्या मते तो नेम धरणं गरजेचं होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी सांगितलेली गोष्ट आठवा. २००६ च्या लॅक्मे फॅशन वीकला मुंबईत ५१२ पत्रकार हजर होते. रॅम्पवर कपडे कापसाचे, आणि तो कापूस पिकवणारे त्याच वेळी विदर्भात मरत होते. ज्या देशात हे घडतं तिथं चॅनेलवाल्यांना एका गावात आणून उघडं पाडणं हा चुकीचा विषय कसा? नत्था गायब झाल्यावर एक वार्ताहर त्याच्या विष्ठेचा रंग पाहून त्याच्या मनःस्थितीवर बोलतो. पाहताना किळस येते, आणि ती यावी म्हणूनच तो सीन आहे.

कलाकारांबद्दलही लिहायला पाहिजे होतं. यातले बरेच जण हबीब तन्वीर यांच्या 'नया थिएटर' या नाटक मंडळीतून आलेले. माणिकपुरी भिलाईचे. छत्तीसगड आपल्या गोंदिया-गडचिरोलीला लागून आहे, ही माणसं आपल्याला परकी नाहीत. शेवटी नगीन तन्वीर यांच्या आवाजातलं 'चोला माटी के राम' सुरू होतं तेव्हा मी तरी जागचा हललो नव्हतो.

नत्था गप्प आहे कारण त्याला कुणी विचारतच नाही. तुमच्या ओसरीतले लोक तिथं उठून जातात, तर त्यांना कंटाळा आला असं कशावरून? मला वाटतं त्यांना ते सहन होत नाही.

घरच्या प्रतीबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. त्यातल्या शिव्यांपायी सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र आहे. मला तो शाळेतल्या मोठ्या मुलांना दाखवायचा होता, तो विषय तिथंच संपला. 'ए' सिनेमा टीव्हीवर तसाच्या तसा दाखवता येत नाही, कापून-मुका करून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे खेड्यातल्या ज्या घरात डिस्क पोचली नाही, तिथं पोचला तो कापलेला सिनेमा.

सीडीवाला (दिग्रस)

डिस्कचं मी सांगतो. मी दिग्रसले सीडी लायब्ररी चालवली, आता त्याच जागेवर मोबाईल दुरुस्ती करतो.

खेड्यात डीव्हीडी जातच नोती, हे पयले ध्यानात घ्या. जायची ते व्हीसीडी. चायना पिलेअर घरोघरी, अन् डिस्कले चरे पडले तरी चालून जाय. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ चं, डीव्हीडीत ७२० बाय ५७६ चं. म्हंजे सरासरी चौथाई चित्र लोकायनं पायलं. एका व्हीसीडीत ८० मिनिटाच्या वर मावत नाई, म्हून असा पिक्चर दोन डिस्कात. दुसरी डिस्क लावाले उठलं का तेवढ्यात लाइट जाय. त्या काळातलं लोडशेडिंग आठवते ना? अर्धा पिक्चर आज, अर्धा परवा. हसाचं अन् रडाचं जे जुळून यायले पायजे ते असं कसं जुळन?

अन् मराठी उपशीर्षकाचं म्हनाल तर व्हीसीडीत चालू-बंद करायची सोयच नाई. जे चित्रावर छापलं तेच दिसन. डीव्हीडीत सोय होती, पन कंपन्या भाषा टाकत ते परदेशातलं गिऱ्हाईक पाहून. सिनेमाच्या धंद्यात आपल्या भागाले अजूनबी सी.पी. बेरार म्हन्तेत. तिथलं गिऱ्हाईक हिंदी समजते असं धरूनच चालत.

२००७ मंधी मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयाले अन् डीव्हीडी ३४ ले काढली तवा मले लय आशा वाटली होती. वाटलं आता डुप्लिकेट बसते. पन नव्या पिक्चरची असली डिस्क येऊस्तोवर डुप्लिकेट पाहून मोकळे होऊन जात लोक. पुढं मेमरी कार्ड आलं अन् मंग डिस्कच संपली.

'पीपली' माह्या दुकानातून नेला तो मास्तर लोकायनं, बँकेतल्या साहेबायनं. कास्तकार यायचा तो साउथचा डब मांगे. एकाले मी म्हनलं, हा घेऊन जा, तुमच्यावरच हाय. तो म्हने, घरी जे चालू हाय ते पैसे देऊन काहून पाहू? मी त्याले कई विसरलो नाई. चांगला माणूस होता.

काळीमाती

मास्तर सर, माध्यमांवर नेम धरू नये असं माझं म्हणणंच नाही. ५१२ पत्रकारांची गोष्ट मलाही माहीत आहे, आणि ती ज्यात येते तो दीपा भाटिया यांचा 'निरोज गेस्ट्स' हा २००९ चा माहितीपट मी गावात कितीतरी जणांना फोनवर दाखवलाय. तो पाहताना कुणी उठत नाही. त्यात विदर्भातली घरं आहेत, खरी. म्हणजे सहन होत नाही म्हणून लोक उठतात हे तुमचं म्हणणं आमच्या ओसरीत तरी खरं ठरत नाही.

मला पटतं ते असं की 'पीपली' ज्यांची थट्टा करतो त्यांच्याकडूनच बघायला शिकलाय. चॅनेलवाले नत्थाचं तोंड दाखवतात आणि त्याचं वावर दाखवत नाहीत. सिनेमाही तेच करतो.

सीडीवाले भाऊ, तुमच्या त्या गिऱ्हाइकाचं वाक्य वाचून थांबलो. त्याला परत दुकानात आणू शकेल असा सिनेमा पाहिजे होता, एवढंच मला म्हणायचंय.

रानमोगरा (घाटंजी)

मी बचत गटांचं काम करते, त्यात एकट्या बायांचे गट बरेच आहेत. त्या बाजूनं लिहिते.

पहिलं धनियाबद्दल. नत्थाची बायको ओरडते, भांडते, मोठ्या दिराला झोडते, आणि शालिनी वत्सांनी ते काम जीव ओतून केलंय. तिच्यामुळं मला सिनेमा सहन झाला. पण नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला काय येतं हे सिनेमाला माहीत असूनही तो तिथं थांबत नाही. शेवटी आगीत पत्रकार राकेश मरतो, ते प्रेत नत्थाचं समजलं जातं, आणि मग कळतं की हा अपघात ठरला, म्हणून मदत नाही. सिनेमात हे दोन-चार वाक्यांत येऊन जातं. आमच्याकडं गोष्ट तिथून सुरू होते.

मदत एक लाखाची. त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. पण त्याआधी ठरावं लागतं की मयत 'पात्र' की 'अपात्र'. नापिकी होती का, कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे. ज्या सावकाराकडं परवाना नाही त्यानं दिलेल्या पैशाचा कागद कुठून आणायचा? पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, आठ-अ, तलाठ्याचा अहवाल, मग जिल्ह्याच्या समितीपुढं प्रकरण. ज्या बाईनं आयुष्यात तहसीलची पायरी चढलेली नाही तिनं हे सगळं दिवसवार उरकायच्या आत सुरू करायचं. दारू पीत होता का, घरात भांडण होतं का, हे तिला पुन्हा पुन्हा विचारतात. भांडण होतं म्हटलं तर कारण घरगुती ठरायची भीती. नव्हतं म्हटलं तर खोटं बोलल्याचं तिच्या मनाला लागून राहतं. एका बाईनं मला विचारलं होतं, "ताई, मी त्यायच्याशी भांडली असती का नसती, काय लिहू?" तिला काय उत्तर द्यावं मला आजही सुचत नाही.

बाई स्वतः शेती करणारी असेल आणि ती गेली, तर शेत तिच्या नावावर नसतं, आणि शेतकऱ्यांच्या यादीत तिचं नाव लागता लागत नाही.

काळ्या विनोदाला यापेक्षा काळं काय पाहिजे? पण तो विनोद करायला त्या ऑफिसच्या बाकावर दिवसभर बसावं लागतं. मला ही कमतरता त्या एका सिनेमाची वाटत नाही, अजून कुणीच तिथं बसलेलं नाही. मास्तर सर म्हणतात नत्थाला कुणी विचारत नाही. बाईला विचारतात. फार विचारतात.

बचत गटातल्या बायांना 'पीपली' दाखवायचं एकदा मनात होतं. मी आधी एकटीनं पाहिला आणि दाखवला नाही. भाऊ भावाला मरायला तयार करतो ते पाहून त्यांच्या सासरच्या माणसांकडं त्या कशा बघतील, या विचारानं हात आखडला.

शकुंतलेचा प्रवासी (दारव्हा)

रानमोगरा ताई, तुमचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

तुलना करायचीच तर ती 'गाभ्रीचा पाऊस'शी करा. २००९ चा, म्हणजे 'पीपली'च्या एक वर्ष आधीचा. सतीश मनवर यांचा. गिरीश कुलकर्णी कास्तकार किसना, सोनाली कुलकर्णी त्याची बायको, ज्योती सुभाष आई. शेजारच्या माणसानं जीव दिल्यावर बायकोच्या मनात भरतं की आपलाही नवरा तसंच काहीतरी करेल. मग ती पोराला त्याच्या मागं लावते, चांगलंचुंगलं खाऊ घालते, आणि त्या बिचाऱ्याला कळतच नाही की आज घरात एवढा लाड कशाचा चाललाय. हसू येतं, आणि हसतानाच पोटात गोळा येतो. हीसुद्धा ब्लॅक कॉमेडीच आहे. पण तिथं पाऊस आहे, पेरणी आहे, बियाण्याची फिकीर आहे, आणि बोलणं वऱ्हाडी आहे. माझे वडील तो पाहताना पडद्यावरच्या किसनाला शेतीतले सल्ले देत होते, आता नको पेरू म्हणून.

'पीपली'ला मोठा निर्माता, सनडान्स चित्रपट महोत्सवाची स्पर्धा, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका, सगळं मिळालं. मिळू द्या, राग नाही. राग याचा येतो की 'गाभ्रीचा पाऊस' आमच्या भागातल्या माणसाला घरी पाहायला सहज मिळत नव्हता. मी एका नातेवाइकाकडून पुण्याहून मागवला. आपल्यावरचा सिनेमा आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळू नये, हे मला फार लागलं होतं.

वडसेकर (देसाईगंज, जि. गडचिरोली)

झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातून, राम राम.

आमच्याकडं दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात, रात्री दहाला घंटा आणि पहाटेपर्यंत खेळ. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल त्या गावात तर हमखास. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून बाहेरच्या लोकांनाही ही रंगभूमी थोडी माहीत झाली. दंडार आणि खडी गंमत या आमच्या लोककला त्याच्याही आधीच्या.

काळीमातींच्या ओसरीतलं निरीक्षण मला अगदी बरोबर वाटतं. खेड्यातल्या माणसाला मरणावर हसता येत नाही असं कुणी समजू नये. आमच्या नाटकांत कर्जबाजारी बाप, सावकार, हुंडा, सगळं असतं. एका प्रवेशात बाया पदर डोळ्याला लावतात आणि पुढच्याच प्रवेशात विनोदी पात्र येऊन त्याच सावकाराची टोपी उडवतं. प्रेक्षक दोन्ही घेतो. पण आमचं विनोदी पात्र गावातलं शहाणं माणूस असतं. तोंडानं वेडं बोलतं आणि मालकाचं सगळं गणित उघडं पाडतं. नत्थाला हे करू दिलेलं नाही. बुधिया करू शकला असता, रघुवीर यादवांसारखा माणूस होता हाताशी, पण अर्ध्यानंतर त्याच्याकडं काही कामच उरत नाही. माझी निराशा तिथं आहे.

गाणी मात्र पोचली. बडवईच्या मंडळींनी हार्मोनियम-ढोलकवर म्हटलेलं 'महंगाई डायन' आमच्या गावात अजून भजनी मंडळ म्हणतं. खेड्यातल्या माणसांनी स्वतः बसून म्हटलेली गोष्ट खेड्यात पोचते.

पोट्टा पुसदचा

मी वीस मिनिटात सोडून दिला होता, आता धागा वाचून पूर्ण पाहिला. मला होरी महतो आवडला. बाकी चॅनेलवाल्यांचं आज काही नवीन वाटत नाही, आम्ही रोजच तसं बघतो.

मुद्द्याचं. मराठी उपशीर्षकं आपणच का करू नये? उपशीर्षकांची एसआरटी फाईल साधी असते. नोटपॅडमध्ये क्रमांक, सुरू-संपायची वेळ आणि खाली वाक्य. देवनागरी टिकावी म्हणून युटीएफ-८ मध्ये जतन करायची. आपली विकत घेतलेली डिस्क लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावायची, ही फाईल सोबत जोडायची, आणि एचडीएमआय केबलनं टीव्हीला द्यायचं. वऱ्हाडीतच करू. भाग वाटून घेतले तर लवकर होईल.

सीडीवाला

पोट्ट्या, काम चांगलं काढलं तू. एक सांगतो. पेन ड्राइव्हमंधी टाकून जुन्या पिलेअरले लावशीन तं देवनागरीच्या जागी चौकोन दिसतीन. त्या पिलेअरात आपली अक्षरंच नाईत. लॅपटॉपच पायजे, अन् त्यातबी चौकोन आले तं व्हीएलसीच्या सेटिंगमंधी फाँट बदल. अन् एका ओळीत लय शब्द कोंबू नका. आमच्या गावातल्या बाया सावकाश वाचतेत. दोन ओळी, मोठं अक्षर, अन् वाक्य पडद्यावर जरा जास्त वेळ ठेवा. केबल अन् स्पीकर माह्याकडून घेऊन जा, पैसे नाई.

सेलूचा मास्तर

एक खबरदारी. या डिस्क घरगुती वापरासाठीच असतात, तसं त्यांच्यावर लिहिलेलंही असतं. ओसरीत घरचे आणि शेजारी बसले तर प्रश्न नाही. पण ग्रामपंचायतीत किंवा मंडळाच्या मांडवात लावायचा असेल तर हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची लेखी परवानगी मागू. पत्राचा मसुदा मी करतो. उपशीर्षकांची फाईल वेगळी राहू द्या, सिनेमाच्या प्रती काढून वाटू नका.

आणि काळीमाती, तुमच्या ओसरीत मलाही यायचंय. वऱ्हाडीत वाचून लोक नत्थाजवळ थांबतात की नाही, हे मला समोर बसून पाहायचंय. थांबले तर निम्मा दोष भाषेचा होता असं मी म्हणेन. नाही थांबले तर तुमचं म्हणणं मान्य करेन.

काळीमाती

या सर, मुक्कामीच या. पोट्ट्यानं पहिला भाग घ्यावा, दोन भावांचं बोलणं मी करतो, कारण ते आईला ऐकवून ऐकवूनच लिहावं लागेल. वडसेकर, गाण्यांच्या ओळी तुम्ही पाहाल का? छत्तीसगडी तुम्हाला जवळची. शकुंतलेचे प्रवासी, 'गाभ्रीचा पाऊस' दुसऱ्या दिवशी ठेवू, डिस्क घेऊन या. दोन्ही एका पाठोपाठ पाहिल्यावर लोक काय बोलतात ते मी इथं लिहीन.

रानमोगरा ताई, तुम्ही याल का? बायांना दाखवायचा की नाही हे तुम्हीच ठरवा, मी आग्रह करणार नाही.

रानमोगरा

येते. बायांना मी आधी गोष्ट सांगेन, भावाभावाचं तर अगोदरच सांगेन, आणि ज्यांना यावंसं वाटेल त्या येतील. दोघी-तिघींनी हो म्हटलंच आहे.

वेळ मात्र आठच्या पुढं ठेवा. सध्या वेचणी सुरू आहे. वावरातून येऊन, कापूस मोजून देऊन, स्वयंपाक उरकेपर्यंत तेवढे वाजतातच. होरी महतोचे सगळे सीन मला द्या, ते मी लिहून पाठवते. आणि शेवटी मदत नाकारतात त्या वाक्यांना घाई करू नका, तिथली अक्षरं पडद्यावर राहू द्या.